दादाचा कान

सुनेने शेवटी खरोखरच कॅमेरा आणला.

‘आणते, आणते’ असं ती दोन महिने म्हणत होती. या घराण्यात जी गोष्ट दोन महिने नुसती बोलली जाते ती सहसा होत नाही, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी साडेआठला ती ऑफिसात हजर झाली ती स्टँडवरचा कॅमेरा, दोन दिवे, रंगीत कागदांचा गठ्ठा आणि नवरा असा सगळा सरंजाम घेऊन. नवरा म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा. घरात त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. सर्वांत जड पेटी अर्थातच त्याच्याकडे होती.

“तो दिवा माझ्या डोळ्यांवर येतोय,” फोनच्या टेबलाशी बसलेली आत्या, दादाची बहीण, म्हणाली.

“आत्या, तुम्ही चित्रात नाहीच आहात,” सून गोड आवाजात म्हणाली. “तुम्ही अगदी निवांत बसा.”

‘निवांत बसा’ हे आत्या आठवडाभर ऐकत होती. ते पहिल्यांदा बोललं गेलं तेव्हाच दाराशी एक खोकं येऊन पडलं होतं. त्यात एक यंत्र होतं, आणि सोमवारपासून फोन ते यंत्र घेणार होतं. लिफ्ट बंद असेल तर एक दाबा, आवाज येत असेल तर दोन दाबा, माणूस आत अडकला असेल तर तीन दाबा. एकतीस वर्षं या खुर्चीत बसलेल्या बाईच्या जागी तीन बटणं! आत्याला याचा किती संताप आला होता ते सांगता सोय नाही. पण ती काही बोलली नव्हती. न बोलण्याला तिच्याकडे कारण होतं.

ते कारण इथेच सांगून टाकलेलं बरं.

शहरातल्या एकशे बारा लिफ्टांची देखभाल हे कुटुंब करत होतं, आणि त्या एकशे बारा इमारतींत दादाचा कान प्रसिद्ध होता. लिफ्ट बिघडली की दादा यायचा, बंद दाराला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि अर्ध्या मिनिटाने सांगायचा, “दुसऱ्या मजल्यावर दाराच्या खाचेत खडा अडकलाय.” माणसं धावत दुसऱ्या मजल्यावर जायची आणि खाचेत खडा असायचा. हे दाखवायला लोक लहान पोरांना घराबाहेर आणत. दादाला लिफ्टचा डॉक्टर म्हणत.

खडा दादाला सापडायचा नाही. तो आत्याला सापडायचा, इथे, खुर्चीत बसून. फोन आला की ती विचारायची. आवाज वर जाताना येतो की खाली येताना? लिफ्ट रिकामी असताना की भरलेली असताना? काल जिना धुतला का? कुणाकडे नवीन सोफा आला का? असे तिचे चौदा प्रश्न होते, आणि नवव्या-दहाव्या प्रश्नाला दुखणं तिच्या हाती लागायचं. तोवर दादा तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत असायचा. ती हलक्या आवाजात सांगायची, “दुसरा मजला, खाच. पाहुण्यांच्या बॅगेच्या चाकातून खडा आलाय.” दादा ‘हं’ म्हणायचा आणि निघायचा. हे एकतीस वर्षं चाललं होतं, आणि ते आपल्याखेरीज आणि दादाखेरीज कुणाला माहीत नाही, अशी आत्याची खात्री होती. आता तोंड उघडलं तर दादाची अब्रू त्याच्या मुलासुनेसमोर जाणार. नाही उघडलं तर सोमवारी आपण घरी, आणि ते चौदा प्रश्न विचारणारं कुणी नाही.

घाई सगळी हॉस्पिटलमुळे होती. नव्या हॉस्पिटलच्या नऊ लिफ्टांचं काम मिळायचं घाटत होतं. तिथल्या व्यवस्थापक बाईंची एकच अट होती: कामाची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असता कामा नये, ती कुठेतरी लिहिलेली पाहिजे. बाई आज बारा वाजता पाहायला येणार होत्या. आणि इथे तर अप्पांच्या, म्हणजे दादा-आत्याच्या वडिलांच्या, काळापासून कागदाला बंदी! अप्पांचा भागीदार कामाची वही घेऊन पळाला तेव्हापासून अप्पांनी जे काही शिकवलं ते तोंडी शिकवलं, तेही दार लावून. त्यांच्या मुलांनी ती रीत इतकी मनोभावे पाळली की ऑफिसात पेन शोधायला गेलं तर सापडायचं नाही. सून मोठ्या कंपनीत नॉलेज मॅनेजमेंटचंच काम करत असे. हे ऐकून लग्न ठरताना सगळ्यांनी मान डोलावली होती, आणि ते नेमकं काय असतं हे चार वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं.

दादा नवा शर्ट घालून दिव्यासमोर बसला.

“बाबा, अगदी सुरुवातीपासून सांगा,” सून म्हणाली. “लिफ्टचं काय बिघडलंय हे तुम्हाला कसं कळतं?”

“कळतं.”

“हो, पण कसं?”

दादाने विचार केला. “जातो. कान लावतो. कळतं.”

सुनेने पिवळ्या कागदावर ‘कान’ लिहून तो भिंतीवर चिकटवला.

“आणि कानाला काय ऐकू येतं?”

“लिफ्ट.”

दुसरा कागद चिकटला.

“अगं, त्याला असं विचारून काय होणार?” स्टुलावर बसलेला धाकटा म्हणाला. हा आत्याचा आणि दादाचा धाकटा भाऊ. तो वायरिंगची कामं बघायचा आणि दादानंतर खुर्ची आपली, असं वीस वर्षं धरून चालला होता. “ते आतून यावं लागतं. अप्पांनी दादाला कानाने शिकवलं आणि मला हाताने.”

“काका, तुमच्या हाताने गेल्या महिन्यात अख्खी इमारत अंधारात गेली,” इंजिनिअर म्हणाला.

“दहा मिनिटं!”

“पाऊण तास.”

“तुझ्या कॉलेजात वेळ मोजायला शिकवतात, काम करायला कधी शिकवणार?”

“दोघं जरा बाहेर जाता का?” सून म्हणाली. “रेकॉर्डिंग चालू आहे.”

दीड तासाने भिंतीवर सात कागद झाले होते: कान, लिफ्ट, अनुभव, अप्पा, शांतता, पुन्हा एकदा कान आणि चहा. शेवटचा कागद चुकून लागला होता. दादाने चहा मागितला तेव्हा सुनेचा हात लिहिण्याच्या ओघात होता.

चहा घेऊन वहिनी, म्हणजे दादाची बायको, आली. दादा आता निवृत्त होणार होता, त्याला सगळ्या घरात तिचा एकटीचा विरोध होता आणि तो तत्त्वाचा नव्हता. सुट्टीच्या दिवशी दादा तिच्या फ्रिजला कान लावून बसे आणि ‘याचं काही खरं नाही’ म्हणे. आठवड्याचे सातही दिवस हे ऐकायची तिची तयारी नव्हती. म्हणून महिनाभर ती धाकट्याच्या बाजूने होती, कारण धाकट्याने दादाला अर्धा दिवस सल्लागार म्हणून ठेवायचं कबूल केलं होतं. दादाच्या जागेवर तितकाच डोळा असलेल्या इंजिनिअर पोराने काल रात्री जेवताना पूर्ण दिवसाचं वचन दिलं, आणि आज सकाळपासून धाकट्याच्या चहात साखर नव्हती.

“वन्सं, तुमचं आपलं बरं आहे,” आत्यासमोर कप ठेवत ती म्हणाली. “तुम्हाला एक चिंता नाही. फोन उचलायचा, फोन ठेवायचा.”

“हो ना,” आत्या म्हणाली.

ती गेली आणि धाकटा आला. खुर्ची जवळ ओढून कुजबुजला, “ताई, दादा तुझं ऐकतो. त्याला एवढंच सांग, खरी मेख कॅमेऱ्यासमोर सांगू नकोस. मला एकट्याला सांग. मी काही उद्या पळून जाणार नाही.”

“बघते.”

तो उठायच्या आत इंजिनिअर दुसऱ्या बाजूला उभा. “आत्या, काका काय म्हणत होता? हे बघ, बाबा काहीतरी लपवतायत. कान लावून मीही बघितलं, शंभर वेळा बघितलं. मला दाराचा गारवा लागतो, बाकी काही नाही. तू त्यांना विचार ना. तुला नक्की सांगतील.”

“मला?”

“तुझ्यापासून काय धोका आहे त्यांना!”

आत्याने चहाचा घोट घेतला तो उलटा जायचाच राहिला. पुरलेल्या धनाच्या हंड्यावर बसलेल्या माणसालाच ‘जरा हंडा कुठे आहे ते विचारून ये’ म्हणावं तसलाच प्रकार. तिला हसू येत होतं, आणि हसूच्या बरोबर मागे असं काही येत होतं की तिने रुमाल काढून चष्मा पुसला. फोन वाजला. तिने तो घेतला, चार प्रश्न विचारले, “दार नीट ओढा, खाली चप्पल अडकली असेल,” असं सांगून ठेवला. कुणाचं लक्षही नव्हतं.

पावणेबाराला इंजिनिअरने खोकं फोडलं. बाई येण्याआधी यंत्र सुरू असलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. त्याने आत्याच्या फोनची वायर काढली आणि यंत्राला लावली. आत्या हात मांडीवर ठेवून बसली. एकतीस वर्षांत कामाच्या वेळेला तिचे हात पहिल्यांदाच मोकळे होते आणि त्यांचं काय करायचं हे तिला कळेना.

पाच मिनिटांत फोन आला. सगळे यंत्राभोवती जमले. यंत्रातून सुनेचा गोड आवाज निघाला: नमस्कार, लिफ्ट बंद असेल तर एक दाबा…

“हॅलो, ताई?” पलीकडून एक दमलेला माणूस म्हणाला. “ताई आहेत का?”

…आवाज येत असेल तर दोन दाबा…

“अहो, ताईंना द्या ना. बागेसमोरच्या सात मजल्यांतून बोलतोय. त्यांना माहिती आहे सगळं. हॅलो? कोण बाई बोलतेय ही?”

आपण कोणतेही बटण दाबलेले नाही, यंत्र म्हणालं.

“दाबतो, बाई, दाबतो! ओरडता कशाला?”

बटण दाबलं गेलं. यंत्राच्या काचेवर अक्षरं उमटली: बागेसमोर, सात मजले, बिघाड एक. इंजिनिअरने टाळी वाजवली. “बघा! अकरा सेकंदांत तक्रार नोंदली गेली. बाबा, निघा.”

दादा उठला. बूट घेतले आणि रोजच्या सवयीने आत्याच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसला. डाव्या पायाची नाडी बांधली, उजव्या पायाची बांधली. बसून राहिला. मग डाव्या पायाची सोडली आणि पुन्हा बांधली.

त्याच वेळी दारातून हॉस्पिटलच्या बाई आत आल्या. सडपातळ, केस पांढरे, काखेत एक फाइल. सुनेने त्यांना खुर्ची दिली आणि हलकेच म्हणाली, “अगदी वेळेवर आलात. आता प्रत्यक्ष कामच बघायला मिळेल.”

दादा अजून बसलेलाच.

“हं,” तो म्हणाला.

आत्याने यंत्राकडे बोट दाखवलं.

“हं, बोल ना.”

“काय बोलू?”

“नेहमीचं. काय झालंय तिथे?”

सहा माणसं बघत होती, त्यात एक परकी. तिने डोळ्यांनी दादाला दटावलं. दादाला डोळ्यांची भाषा कधीच कळली नव्हती. “दादा, तुला माहीतच असेल,” ती घाईघाईने म्हणाली. “तू गेलास, कान लावलास की कळेलच.”

“मला कुठून माहीत असणार?” दादा वैतागला. “मी काय तिथे आहे? आणि कान लावून काय कळतंय, डोंबल! तू सांगतेस म्हणून कळतं.”

कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता.

“म्हणजे?” धाकटा म्हणाला.

“म्हणजे काय म्हणजे? या आपल्या चिमीला विचारायचं, जायचं, करायचं. आधी अप्पांना विचारत होतो. अप्पा गेल्यावर नवीन नवीन लिफ्टा यायला लागल्या, त्यांची पुस्तकं आली, ती कोण वाचणार? ती हिने वाचली. इथे बसून वेळ जात नाही म्हणून.”

“बाबा, पण मग तो कान?” सुनेने भिंतीकडे बघत विचारलं.

“ते आपलं लोकांना बरं वाटतं. डॉक्टर नाही का, पाय मोडला तरी छातीला नळी लावतो. अप्पाही लावायचे.”

आत्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. तिचे कान तापले. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” ती म्हणाली, आणि आवाज इतका चढला की बाईंनी फाइलमधून मान वर केली. “लोक तुला डॉक्टर म्हणतात, पोरं बघायला येतात, आणि मी इथे तोंड शिवून बसले, तुझी अब्रू जाऊ नये म्हणून!”

“माझी अब्रू?” दादा खरोखरच गोंधळला. “अगं चिमे, मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे! मी रोज इथे येऊन बूट घालतो ते काय हौसेने? बूट मी घरूनच घालून येऊ शकतो.”

सगळ्यांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि दादा बूट इथे का घालतो, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आत्याने एकतीस वर्षं एक गुपित छातीशी धरून ठेवलं होतं, आणि ज्याच्यासाठी ठेवलं त्याला ते गुपित आहे याचीच खबर नव्हती. यावर रडायचं की दादाला फोन फेकून मारायचा, हे तिला ठरवता येईना. फोनची वायर काढलेलीच होती, तो सहज फेकता आला असता.

सून मात्र कामाची होती. तिने कॅमेरा उचलला, सरळ फिरवला आणि आत्यासमोर ठेवला. दिवाही फिरवला. “आत्या,” तिने विचारलं, “तुम्हाला कसं कळतं?”

हा प्रश्न आत्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ती आधी अडखळली, मग बोलायला लागली आणि थांबेना. यंत्र कमी बिघडतं, माणसं जास्त बिघडवतात, ती म्हणाली. पाचव्या मजल्यावर भांडण झालं की दार आपटलं जातं, दार आपटलं की कडी वाकते, म्हणून आधी भांडणाची चौकशी करायची, पण ‘भांडलात का’ असं विचारायचं नाही, ‘घरी पाहुणे आहेत का’ असं विचारायचं. जो माणूस फोनवर घाबरलेला असतो तो आवाज आहे त्यापेक्षा मोठा सांगतो. जो खूप शांतपणे बोलतो त्याने स्वतः पेचकस घालून काहीतरी केलेलं असतं. अर्धा तास ती बोलत होती. सुनेने कागद चिकटवणं सोडून दिलं आणि नुसती ऐकत बसली. धाकटा आणि इंजिनिअर, जे सकाळपासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसले. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं की आपण इतके दिवस चुकीच्या माणसाची मनधरणी केली.

“ताई, तू थकली असशील, पाणी देऊ?” धाकटा म्हणाला.

“मी आणतो,” इंजिनिअर म्हणाला.

“खुर्ची हिचीच,” दादाने जाहीर केलं. जणू ते कधीचं ठरलेलं होतं. “मला काय, मी जायला-यायला आहेच.”

“दिवसभर ना?” वहिनीने ताबडतोब विचारलं. “वन्सं, यांना दिवसभर ठेवाल ना?”

आत्याने मान वर केली. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं आणि ते तिला चांगलंच आवडत होतं. मग हॉस्पिटलच्या बाई बोलल्या.

“म्हणजे सगळं तुमच्या डोक्यात आहे.”

“हो,” आत्या ताठ बसून म्हणाली.

“तुम्ही आजारी पडलात तर?”

“मी आजारी पडत नाही. विचारा हवं तर. एकतीस वर्षांत एक सुट्टी नाही.”

“म्हणूनच विचारतेय.” बाईंनी फाइल मिटली. “आत येईपर्यंत सगळं दादांच्या डोक्यात होतं, ती अडचण होती. आता तुमच्या डोक्यात आहे. डोकं बदललं, अडचण तीच. ऑपरेशनला नेताना पेशंट लिफ्टमध्ये अडकला आणि तुम्हाला ताप आलेला असला, तर मी कुणाला फोन करू?”

आत्याला हे फार लागलं. उत्तर तोंडाशी आलं होतं, की मला कधी कुणी विचारलंच नाही, मी सांगणार कुणाला? पण ते अर्धंच खरं होतं. धाकटा तिच्यासमोर वीस वर्षं चुका करत होता. एका वाक्यात तिने त्याला सुधारलं असतं. तिने सुधारलं नव्हतं. दादाची अब्रू, दादाची अब्रू म्हणत ती स्वतःचीच मिजास सांभाळत बसली होती, कारण ज्याला सगळं माहीत आहे आणि कुणाला त्याचा पत्ता नाही, त्या माणसाला आत कुठेतरी फार थोर वाटत असतं. हे मनात आलं आणि ती मनातल्या मनात ओशाळली.

“आता ज्या लिफ्टचा फोन आला,” बाई उठता उठता म्हणाल्या, “तिला काय झालंय?”

“बागेसमोरची? ती दुपारी बंद पडते आणि संध्याकाळी आपोआप सुरू होते. रिले, म्हणजे पॅनलमधला आपोआप चालू-बंद होणारा स्विच, गेला असणार. पाच वेळा बदललाय.”

“पाच वेळा बदलून तेच होतंय? तुम्ही जाऊन पाहिलंत?”

“मी कशी जाणार? फोन कोण घेणार?”

“एकदाही नाही?”

“नाही.”

“मग पाहिली आहे कुठली? म्हणजे लिफ्टचं मशीन, वरच्या खोलीतलं.”

आत्याने दादाकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. “पुस्तकात पाहिलंय,” ती म्हणाली. “चित्र.”

एकशे बारा लिफ्टांची नाडी जिच्या बोटांवर होती तिने एकही मशीन डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ती कधी ‘मला ने’ म्हणाली नाही आणि तिला कुणी ‘चल’ म्हणालं नाही.

ती खुर्चीतून उठली. “बस इथे,” तिने इंजिनिअरला सांगितलं.

“मी? इथे?”

“ते यंत्र काढ आणि माझी वायर लाव.”

“पण आत्या, काय विचारायचं असतं? ते चौदा प्रश्न तरी सांग.”

“आता मला सहा आठवतायत. बाकीचे माणूस बोलायला लागला की आठवतात. तू विचारत जा, चुकशील. चूक. आणि तू,” ती सुनेला म्हणाली, “लोक जे बोलतील ते शब्द न बदलता लिही. ‘दमा लागल्यासारखी वर जाते’ असं म्हणाले तर तेच लिही, तुमच्या भाषेत घालू नकोस. धाकट्या, तू त्याच्या शेजारी बस. दोघांनी भांडण केलंत तर दोघांनाही बागेत फिरायला पाठवीन.”

“तीन महिन्यांनी येते,” बाई म्हणाल्या. “तिघांना तरी जमलेलं असलं पाहिजे. तोवर लिफ्टा कुणाला देत नाही.” हे बोलताना त्या पहिल्यांदाच हसल्या.

बागेसमोरच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, त्यामुळे सात मजले चढून जावं लागलं. अठ्ठावन्न वर्षांच्या आत्याला चौथ्या मजल्यावर धाप लागली, पाचव्यावर ती पायरीवर बसली, सहाव्यावर दादा बसला. गच्चीवरच्या बुटक्या दारातून ती वाकून आत गेली आणि उभी राहिली.

मशीन तिच्या कल्पनेपेक्षा लहान होतं. हिरवं, तेलकट, घरातल्या कणगीएवढं. दोर चाकावरून खाली अंधारात गेले होते. तिने सगळं ओळखलं, ब्रेक, चाक, पॅनल, आणि मोठ्याने एकेकाचं नाव घेतलं, दूरच्या नातेवाइकांना पहिल्यांदाच भेटल्यासारखं. दादा कौतुकाने मान डोलवत होता. मग तिने कपाळ पुसलं.

“केवढं गरम आहे इथे! झरोका नाही का?”

“आहे ना. त्या गादीच्या मागे.”

भिंतीशी एक गादी गुंडाळून उभी केलेली होती. त्या गादीने झरोका पुरता झाकून टाकला होता.

“ही कुणाची?”

“वॉचमनची. रात्री इथे ऊब असते म्हणून झोपतो, सकाळी गुंडाळून ठेवतो. चांगली आहे. रिले बदलताना मी टेकून बसतो.”

आत्याला आता उलगडा झाला. पाचही वेळा दुपारच्या उन्हात खोली तापली होती, मशीन स्वतःला वाचवायला बंद पडलं होतं, आणि दादा गादीला टेकून बसून रिले बदलेपर्यंत ते निवलं होतं. एकही रिले गेलेला नव्हता.

“दादा, ही गादी इथे आहे हे तुला किती दिवस माहीत आहे?”

“चार वर्षं. का गं?”

तिने गादीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं धरलं, आणि दोघांनी ती गच्चीवर ओढून काढली. झरोक्यातून वारा आत आला. मशीन निवायला वेळ लागणार होता, म्हणून दोघं गादीवरच बसली. आत्याला राग आलाच होता, पण तो दादावर किती आणि स्वतःवर किती, याचा हिशेब जुळेना. इतकी वर्षं तिने सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं होतं. तो जिथे जिथे गेला तिथून परत आल्यावर काय पाहिलंस असं तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं. कशाला विचारायचं, त्याला काय कळतंय, असं तिला वाटायचं.

“बाकीच्या मशीनरूममध्येही असं काही असतं?” तिने विचारलं.

“असतंच की. बँकेच्या इमारतीत कबुतरं आहेत. डेंटिस्टकडे वरून पाणी ठिबकतं, बरोबर पॅनलवर, मी दर वेळी पुसतो. त्या शाळेच्या लिफ्टचा दोर एका बाजूने चमकतो, दुसऱ्या बाजूने नाही, ते मला कधी कळलं नाही. आणि गोल जिन्याच्या इमारतीत तर…”

“थांब,” आत्या म्हणाली.

तिने मोबाइल काढून ऑफिसात फोन लावला. पहिल्याच घंटेला इंजिनिअर ओरडला, “हॅलो, आवाज वर जाताना येतो की खाली येताना?”

“मी बोलतेय रे. बायकोला दे. तिला म्हणावं, कागद जास्त घे.”

मग तिने मोबाइल दादाच्या हातात दिला. दादाने तो कानाला लावला, सवयीने डोळे मिटले आणि पहिल्या इमारतीपासून सांगायला सुरुवात केली. आत्या शेजारी बसून ऐकत होती. त्यातलं निम्म्याहून जास्त तिला माहीत नव्हतं.